विद्यापीठाचं काम घरून करताना: फोन, लॅपटॉप आणि विद्यार्थ्यांची माहिती कशी सांभाळायची

“मॅडम, परीक्षा फीचा क्यूआर कोड तुम्हीच पाठवलाय ना?”

मे महिन्यातल्या एका दुपारी विद्यार्थिनीचा फोन आला आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी काहीच पाठवलं नव्हतं. पाठवलं होतं ते माझ्या ईमेल खात्यानं. तृतीय वर्षाच्या सगळ्या मुलांना माझ्या नावानं, माझ्या सहीसकट मेल गेली होती: विलंब शुल्क आजच भरा, नाहीतर हॉल तिकीट मिळणार नाही. एकानं पैसे भरलेही होते.

मी तालुक्याच्या गावातल्या एका संलग्न महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. फोन येण्याच्या दोन दिवस आधी अंतर्गत गुण पोर्टलवर भरायची शेवटची तारीख होती. वीज गेलेली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चाललेलं, आणि त्यातच मेल आली की तुमचा मेलबॉक्स भरला आहे, पडताळणी करा, नाहीतर रात्री खातं बंद होईल. मी पासवर्ड टाकला. पान पुन्हा उघडलं, बाकी काही झालं नाही. सुटले, असं वाटून मी गुण भरत बसले.

मोठ्या कंपनीत घरून काम करणाऱ्याला कंपनी लॅपटॉप देते आणि अडलं तर आयटी विभागाला फोन करता येतो. आपल्याकडे लॅपटॉप आपला, फोन आपला, इंटरनेटचं बिलही आपलं, आणि त्यावर माहिती मात्र विद्यापीठाची. सीएचबीवर, म्हणजे तासांच्या मानधनावर, शिकवणाऱ्यांना तर कित्येक ठिकाणी संस्थेचा ईमेल पत्तासुद्धा मिळत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या मी विकत काही घ्यावं लागू नये अशाच निवडल्या आहेत. एकच खर्च आहे, बाहेरच्या हार्ड डिस्कचा. सगळ्या पायऱ्यांमागे विचार एकच: घरचं रान आणि विद्यापीठाचं रान यांच्यामध्ये बांध घालायचा. माझ्याकडे तो नव्हता. एकच ईमेल, एकच पासवर्ड, लॅपटॉपवर मुलाचे गेम आणि माझी गुणपत्रकं शेजारी-शेजारी.

पायरी १: आपल्याकडे काय-काय पडलंय ते आधी बघा

कागद-पेन घ्या. अर्धा तास लागतो. विद्यापीठाची कोणती माहिती आपल्या कुठल्या यंत्रावर आहे, ते लिहून काढा. मी लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं चार ओळी होतील. दोन पानं भरली. पाच वर्षांपूर्वीच्या बॅचची गुणपत्रकं, नॅकच्या (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या) वेळी गोळा केलेल्या विद्यार्थ्यांच्या याद्या, शिष्यवृत्तीसाठी आलेली जातप्रमाणपत्रं, उत्पन्नाचे दाखले, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो, आधार कार्डं, परीक्षणासाठी आलेला एक प्रबंध, आणि प्रश्नपत्रिकेचे तीन कच्चे मसुदे.

सगळ्यात वाईट जागा व्हॉट्सॲप. मूल जातप्रमाणपत्राचा फोटो पाठवतं, तो आपोआप गॅलरीत उतरतो, गॅलरीची प्रत आपोआप क्लाउडवर जाते. ते खातं घरातल्या टीव्हीला जोडलेलं असेल तर दिवाळीच्या फोटोंमध्ये एखाद्या मुलीचा उत्पन्नाचा दाखलाही पडद्यावर येतो. आमच्या घरी आला. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्समध्ये जाऊन ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा, आणि ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये फोटो आपोआप उतरणंही बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग यादीतलं जे लागत नाही ते पुसा. रिसायकल बिनमधून, गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधून आणि मेलच्या ‘सेंट’मधूनही. महाविद्यालयाच्या दफ्तरी ज्याची प्रत आहे, ते आपल्या घरी ठेवायचं कारण नाही. जे नाहीच, ते चोरीला जात नाही. पुढे आधार मागायची वेळ आली तर मुलांना ‘मास्क्ड आधार’ पाठवायला सांगा. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात, आणि तो आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतो.

पायरी २: लॅपटॉपवर बांध घाला

घरात एकच लॅपटॉप असेल तर त्यावर किमान दोन खाती हवीत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, त्यात ‘अदर युजर्स’, आणि तिथून मुलांसाठी वेगळं खातं. ते ‘स्टँडर्ड’ ठेवा, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नको. रोजच्या कामाचं आपलं खातंही स्टँडर्डच ठेवलं तर उत्तम. काही बसवायचं असेल तेव्हाच ॲडमिनचा पासवर्ड टाकायचा. चुकून घातक फाइल उघडली तरी तिला सगळ्या घराच्या किल्ल्या मिळत नाहीत.

ब्राउझरमध्येही विद्यापीठासाठी वेगळं प्रोफाइल उघडा. एका प्रोफाइलमध्ये पोर्टल, संस्थेची मेल, ड्राइव्ह. दुसऱ्यात खरेदी, यूट्यूब, बाकी सगळं. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी ॲप, पहिल्यात शक्यतो एकही नको. जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि ‘एल’ एकदम दाबायची बोटांना सवय लावा, स्क्रीनला कुलूप लागतं.

विंडोज १० वापरत असाल तर एक वाईट बातमी: १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले आहेत. लॅपटॉप ११ पेलत असेल तर चढवून घ्या. पेलत नसेल तर गुण भरणं, प्रश्नपत्रिका काढणं अशी कामं त्यावर करू नका, महाविद्यालयातल्या संगणकावर करा.

आणि क्रॅक, म्हणजे विकत न घेता कुलूप तोडून चालवलेलं सॉफ्टवेअर. याबद्दल आपल्या स्टाफरूममध्ये कुणी बोलत नाही, कारण जवळपास सगळ्यांनीच कधी ना कधी वापरलेलं असतं. शंभर-दोनशे रुपयांत ‘ऑफिस टाकून’ देणारा माणूस आधी अँटिव्हायरस बंद करतो, मग त्याच्या पेन ड्राइव्हवरची फाइल चालवतो. ती फाइल आणखी काय करते, हे त्यालाही ठाऊक नसतं. फुकटच हवं असेल तर लिब्रेऑफिस आहे, किंवा ब्राउझरमध्ये चालणारी गुगल डॉक्स. विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस घरच्या कामाला पुरतो, फक्त तो बंद केलेला नसावा.

मराठीत प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांसाठी दोन शब्द जास्त. जुने फॉन्ट, त्यांची जुनी सॉफ्टवेअर, त्यांच्या क्रॅक प्रती, नाहीतर सरळ बाजारातल्या डीटीपीवाल्याकडे कागद घेऊन जाणं, ही आपली वर्षानुवर्षांची रीत. डीटीपीच्या दुकानातल्या संगणकावर ती फाइल राहते, त्याच संगणकावर तुमचे विद्यार्थी प्रोजेक्टची पानं छापायला येतात. प्रश्नपत्रिका घरीच, स्वतः टंका. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी इनस्क्रिप्ट कळफलक फुकट मिळतो. सराव नसेल तर बोलून टंकता येतं. त्या वेळी खोलीचं दार लावून घ्या, आमच्या भिंती पातळ आहेत, तुमच्याही असतील. शिवाय बोलून टंकताना आवाज बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जातो, त्यामुळे प्रश्नपत्रिकेसाठी मी हा मार्ग शेवटचा धरते. परीक्षांमधल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. पेपर कुठून फुटला याची चौकशी लागली की ‘दुकानातून फुटला असेल’ हे उत्तर चालत नाही.

पायरी ३: पासवर्ड आणि दुसरं कुलूप

महाविद्यालयाचं नाव, पुढे ‘ॲट’चं चिन्ह, पुढे १२३. निम्म्या महाराष्ट्राचं लॉग-इन यावर चालत असावं. उरलेल्यांचा पासवर्ड मोबाइल नंबर. हे दोन्ही ओळखायला हॅकर लागत नाही, नापास झालेला विद्यार्थी पुरतो.

लांब पासवर्ड करा. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत लागोपाठ लिहिले तरी चालतं: खलबत्ता, पासबुक, जांभूळ, रिंगरोड, असे. (हे चार सोडून. ते आता छापले गेले.) म्हण, अभंगाची ओळ, गावाचं नाव नको. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला हा जुना सल्ला आता जाणकार संस्थाही देत नाहीत. सक्ती केली की माणसं शेवटचा आकडा एकनं वाढवतात आणि थांबतात. पासवर्ड फुटल्याची शंका आली तरच बदला, पण प्रत्येक जागी वेगळा ठेवा. माझं नेमकं इथंच बुडालं: मेलचा पासवर्ड गेला तेव्हा परीक्षा पोर्टलचाही गेला होता, कारण दोन्ही एकच होते.

एवढे पासवर्ड लक्षात राहणार नाहीत, म्हणून पासवर्ड मॅनेजर. बिटवॉर्डन फुकट आहे आणि फोनवर, लॅपटॉपवर दोन्हीकडे चालतं. त्याचा आणखी एक फायदा फार जणांना माहीत नसतो: खोट्या पानावर तो पासवर्ड भरतच नाही, कारण त्याला पानाचं रूप दिसत नाही, पत्ता दिसतो. माझ्याकडे त्या दिवशी मॅनेजर असता तर रकाना रिकामा राहिला असता आणि मी थबकले असते.

मग दुसरं कुलूप, म्हणजे पासवर्डनंतरचा सांकेतिक आकडा. तो एसएमएसनं येण्यापेक्षा ऑथेंटिकेटर ॲपवर, म्हणजे फोनवरच तो आकडा तयार करणाऱ्या ॲपवर, घेतलेला बरा. सिम दुसऱ्याच्या नावे करून घेण्याचे प्रकार होतात, आणि ‘कुरिअर आलंय, अमुक आकडे डायल करा’ असं सांगून आपले फोन दुसरीकडे वळवण्याचेही. वळवलेले आहेत का हे बघायला स्टार, हॅश, २१, हॅश डायल करा. सगळं वळवणं रद्द करायला हॅश, हॅश, ००२, हॅश. जिथं पासकीची (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशानं किंवा पिननं उघडण्याची) सोय आहे तिथं ती घ्या, कारण ती खोट्या पानावर वापरलीच जात नाही. दुसरं कुलूप लावताना मिळणारे राखीव कोड छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. फोन हरवला तर तेच तारतात.

एक अडचणीची गोष्ट. प्राचार्यांचा लॉग-इन लिपिकाकडे, विभागप्रमुखांचा सगळ्या विभागाकडे, परीक्षा विभागाचा भिंतीवरच्या कॅलेंडरवर. कामं उरकायला हे लागतं, हे मला मान्य आहे. पण पोर्टलवर नोंद राहते ती लॉग-इनच्या नावानं. रात्री ११ वाजता कुणाचे गुण बदलले गेले तर नोंदीत प्राचार्यांचं नाव येतं आणि करणारा कोण, हे कधीच सिद्ध होत नाही. बऱ्याच पोर्टलवर एकाच कामासाठी एकापेक्षा जास्त खाती देता येतात. लेखी अर्ज करा आणि स्वतःचं खातं मागा. नाही मिळालं तरी अर्जाची पोच जपून ठेवा.

पायरी ४: वायफाय

केबलवाला राउटर बसवतो, वायफायचा पासवर्ड म्हणून तुमचाच मोबाइल नंबर टाकतो आणि जातो. राउटरचा स्वतःचा, आतल्या सेटिंगचा, पासवर्ड वेगळाच असतो, आणि तो बहुतेक वेळा कारखान्यातून आला तसाच राहतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की बहुतेक राउटरचं आतलं पान उघडतं. अचूक पत्ता राउटरच्या खालच्या बाजूला चिकटवलेला असतो. आत जाऊन आतला पासवर्ड बदला, वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा, ‘डब्ल्यूपीएस’ (पासवर्ड न टाकता जोडण्याची सोय) बंद करा, अपडेट असेल तर घ्या. पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करा. टीव्ही आणि कॅमेरेही त्यावरच टाका.

स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायची भीती पूर्वी होती तेवढी आता उरलेली नाही, कारण बहुतेक संकेतस्थळं माहिती गुंडाळूनच पाठवतात. तरी पोर्टलचं काम असेल तर स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावा. प्रवासात खरा धोका शेजारच्या सीटवरच्या डोळ्यांचा असतो. एसटीत बसून उत्तरपत्रिका तपासणारे मी पाहिले आहेत.

विद्यापीठानं दिलेलं व्हीपीएन, म्हणजे घरून विद्यापीठाच्या जाळ्यापर्यंतची बंदिस्त वाट, असेल तर ते वापरा. ग्रंथालयाची नियतकालिकं घरून वाचायला ते किंवा इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या संस्थेच्या ‘इन्फेड’ मार्गे लॉग-इन लागतं. फुकटचं कुठलंही व्हीपीएन मात्र नको. सर्व्हरचा खर्च कुणीतरी भरतंच, आणि तो बहुधा तुमच्या माहितीतून वसूल होतो.

पायरी ५: खोटी मेल, खोटा निरोप

ही पायरी मोठी आहे, कारण माझ्यासकट बहुतेक जण इथंच घसरतात.

प्राध्यापक हे चोरांचं जुनं गिऱ्हाईक आहे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेनं इराणमधल्या मबना नावाच्या संस्थेशी संबंधित नऊ जणांवर आरोप ठेवले. अमेरिकेतली १४४ आणि इतर २१ देशांतली १७६ विद्यापीठं त्यांनी लक्ष्य केली होती. युक्ती साधी होती. दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या नावानं मेल यायची: तुमचा अमुक लेख वाचला, आवडला, हे आणखी काही लेख पाहा. दुव्यावर टिचकी मारली की आपल्याच विद्यापीठाचं लॉग-इन पान दिसायचं, हुबेहूब. लाखाच्या आसपास प्राध्यापकांना अशा मेल गेल्या आणि सुमारे आठ हजार खाती त्यांच्या हाती लागली. आपला लेख कुणीतरी वाचला, या आनंदात कोण पत्ता तपासतं?

पत्ता तपासायची रीत मात्र शिकण्यासारखी आहे, आणि मराठी माणसाला ती सोपी जावी. पाकिटावरचा पत्ता आठवा. मु. पो. काय लिहिलंय त्यानं पाकीट कुठल्या जिल्ह्यात जाणार ते ठरत नाही, शेवटचा जि. बघावा लागतो. वेब पत्त्याचंही तसंच. पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटी ‘डॉट एसी डॉट इन’ असेल आणि त्याच्या लगेच आधी तुमच्या विद्यापीठाचं नाव असेल, तर पत्ता विद्यापीठाचा. ‘डॉट एसी डॉट इन’ हे शेपूट एर्नेट इंडियाकडून शैक्षणिक संस्थांनाच मिळतं, कुणाही ऐऱ्यागैऱ्याला नाही. पण ‘विद्यापीठाचं नाव डॉट एसी डॉट इन डॉट व्हेरिफाय डॉट कॉम’ असा पत्ता असेल तर जिल्हा ‘व्हेरिफाय डॉट कॉम’. आधीचं सगळं नुसतं मु. पो. फोनवर दुवा बोटानं दाबून धरला की पूर्ण पत्ता दिसतो. थोडी शंका आली तरी दुव्यावरून जाऊच नका. पोर्टलचा पत्ता बुकमार्क करून ठेवा आणि तिथूनच शिरा.

आपल्याकडे चालणारे बाकीचे प्रकार पटपट सांगते. प्राचार्यांचा किंवा कुलगुरूंचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून ‘मी मीटिंगमध्ये आहे, गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठवा’ असा निरोप येतो. साहेबांना उलट विचारायचं कसं, या संकोचावर हा धंदा चालतो. साहेबांच्या जुन्या नंबरवर फोन करा, राग आला तर येऊ द्या. दुसरा प्रकार एपीके फाइलचा: लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, ‘निकाल’, ‘सुधारित वेळापत्रक’. परिपत्रक पीडीएफ असतं. एपीके म्हणजे ॲप, आणि ते बसलं की तुमचे एसएमएस दुसराच वाचतो. गटात कुणीही टाकलेलं असो, अगदी तुमच्या विभागप्रमुखांनी, उघडू नका. त्यांचाही फोन गेलेला असू शकतो. तिसरा, परिषदेचं आमंत्रण किंवा ‘आपला शोधनिबंध स्वीकारला’ अशी मेल आणि सोबत झिप फाइल. निबंध पाठवलाच नसेल तर तो स्वीकारला कसा?

या सगळ्यांत एक गोष्ट समान: घाई. आज रात्री १२ पर्यंत, तासाभरात, लगेच. विद्यापीठं खरोखरच अशीच परिपत्रकं काढतात, हे दुर्दैव. शेवटच्या दिवशी संध्याकाळी काढलेलं ‘तात्काळ’ परिपत्रक आपल्याला चोराच्या भाषेची सवय लावतं. परीक्षा विभागातलं कुणी हे वाचत असेल तर एवढी विनंती: दुवा पाठवू नका, ‘पोर्टलवर जाऊन पाहा’ एवढंच लिहा.

पायरी ६: फाइल पाठवताना

गुणांची एक्सेल ड्राइव्हवर टाकून ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशी परवानगी दिली की तो दुवा कुठं-कुठं फिरेल यावर तुमचा ताबा राहत नाही. माणसांचे ईमेल पत्ते टाकूनच परवानगी द्या, आणि काम संपल्यावर काढून घ्या. गुगल फॉर्म बनवताना ‘निकालाचा सारांश पाहा’ हा पर्याय बंद आहे ना, हे बघा. तो चालू राहिला तर फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला आधीच्यांची उत्तरं दिसतात, मोबाइल नंबरांसकट.

एक्सेलमध्ये स्तंभ लपवणं म्हणजे पडदा लावणं, कुलूप नव्हे. जातीचा किंवा आधारचा स्तंभ लपवून फाइल गटात टाकली तर तो कुणीही उघडू शकतो. त्या स्तंभाशिवायची नवी फाइल करा. संवेदनशील फाइल पाठवायचीच असेल तर ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट वर्कबुक’, ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ या वाटेनं कुलूप लावा आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगा. गुण गटात जाहीर करायचे असतील तर नावं नकोत. खरं तर गटात नकोतच.

उत्तरपत्रिका, परीक्षणाला आलेला प्रबंध, विद्यार्थ्याचा तक्रार अर्ज यांचा सारांश काढायला ते एआय चॅटबॉटमध्ये चिकटवायचा मोह आता सगळ्यांनाच होतो. नाव आणि पीआरएन (विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक) काढल्याशिवाय काही चिकटवू नका, आणि अप्रकाशित प्रबंध तर अजिबात नाही. तो तुमचा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती सांभाळण्यात कसूर केल्यास संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, आणि तुमचा घरचा लॅपटॉप संस्थेच्या कामाचाच भाग धरला जाऊ शकतो.

पायरी ७: ऑनलाइन तास आणि तोंडी परीक्षा

थोडक्यात. दुवा उघड्या गटात टाकू नका, ‘वेटिंग रूम’ चालू ठेवा. २०२० च्या टाळेबंदीत झूमच्या वर्गांत नको ते लोक घुसायला लागले, तेव्हा एप्रिलमध्ये कंपनीनं ही सोय आपणहून सुरू केली. इतर काही ठिकाणी ती शोधून चालू करावी लागते. स्क्रीन दाखवताना पूर्ण पडदा न दाखवता एकच खिडकी दाखवा आणि त्याआधी सूचना बंद करा. माझ्या एका सहकाऱ्याच्या बायकोचा ‘येताना कोथिंबीर आणा’ हा निरोप अख्ख्या एमएच्या वर्गानं वाचला. निरोप कोथिंबिरीचा होता म्हणून बरं.

पायरी ८: प्रत

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त विद्यापीठात ऑक्टोबर २०१९ मध्ये कुणीतरी एका खोट्या मेलमधला दुवा उघडला. चोर दोन महिने आत फिरत राहिले आणि २३ डिसेंबरला, ऐन नाताळच्या सुट्टीत, सगळं कुलूपबंद केलं. काही राखीव प्रतीही त्याच जाळ्यात जोडलेल्या होत्या, त्याही गेल्या. विद्यापीठानं अखेर खंडणी म्हणून ३० बिटकॉइन मोजले, त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो.

म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क आणि संस्थेचा ड्राइव्ह, एवढं पुरतं. डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवायची. जोडून ठेवलेली डिस्क लॅपटॉपबरोबरच बुडते. पीएचडीचे विद्यार्थी असाल तर प्रत घ्यायला दर आठवड्याचा शुक्रवार ठरवून टाका. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडूनही बघा. प्रत घेतली आणि ती उघडतच नाही, हे ऐनवेळी कळणं फार वाईट.

पायरी ९: दुरुस्ती आणि दूरची मदत

‘मी पोर्टलच्या हेल्पडेस्कवरून बोलतोय, हे ॲप टाका, मी इथून दुरुस्त करतो’ असा फोन आला तर ठेवून द्या. एनीडेस्कसारखी ॲप स्वतः वाईट नाहीत, पण त्यांच्या आड होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. मदत हवी असेल तर फोन आपण करायचा, तोही पोर्टलवरच्या नंबरवर. गुगलवर शोधून मिळालेल्या नंबरवर नाही.

लॅपटॉप दुरुस्तीला देताना दुकानदार पासवर्ड मागतोच. मुलांचं स्टँडर्ड खातं उघडून द्या. डिस्कला आधीच एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय माहिती वाचता येऊ न देणारं कुलूप) लावलेलं असेल, म्हणजे विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर किंवा होममध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, तर चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधूनही काही निघत नाही. ते चालू करताना मिळणारी रिकव्हरी की राखीव कोडांच्याच फाइलमध्ये ठेवा, नाहीतर कुलूप आपल्यालाच बाहेर ठेवतं.

पायरी १०: घडलंच तर

क्रम महत्त्वाचा, म्हणून तसाच सांगते.

पहिलं, इंटरनेट तोडा. वायफाय बंद. पण लॅपटॉप फॉरमॅट करायला धावू नका, काय झालं याच्या खुणा त्यातच असतात. दुसरं, दुसऱ्या यंत्रावरून, घरच्या कुणाच्या तरी फोनवरून, मेलचा पासवर्ड बदला आणि ‘सगळ्या ठिकाणांहून बाहेर पडा’ हा पर्याय वापरा. नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही, आत बसलेला काही वेळा बसून राहू शकतो. मग तोच पासवर्ड आणखी कुठं होता ते आठवा, आणि तिथंही बदला.

पैसे गेले असतील तर हे सगळं घरच्यांवर सोपवा आणि आधी १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी मदत क्रमांक फिरवा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर होते. त्यासाठी पडद्याचे फोटो, व्यवहाराचा क्रमांक, पाठवणाऱ्याचा पत्ता जपून ठेवा. रागाच्या भरात मेल पुसू नका.

त्यानंतर महाविद्यालयाला आणि विद्यापीठाच्या आयटी कक्षाला कळवा. त्याच दिवशी, लेखी. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं संस्थांवर बंधनकारक आहे, आणि तुम्ही गप्प बसलात तर संस्थेला ते कळवता येत नाही. मी दीड दिवस गप्प बसले. नोकरीची भीती कमी, लाज जास्त. अर्थशास्त्राच्या बाईला फसवलं, हे कुणाला सांगायचं? त्या दीड दिवसात आणखी एका मुलानं पैसे भरले.

शेवटची तपासणी बहुतेक जण विसरतात. मेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर’ आणि ‘फॉरवर्डिंग’ उघडून बघा. माझ्या खात्यात चोरानं एक फिल्टर बसवला होता: ‘फी’ किंवा ‘क्यूआर’ हा शब्द असलेलं प्रत्येक उत्तर सरळ ट्रॅशमध्ये. अकरा मुलांनी मला मेलवर विचारलं होतं, “मॅडम, हे खरं आहे का?” त्यातलं एकही माझ्यापर्यंत आलं नाही. बारावी म्हणजे ती फोन करणारी विद्यार्थिनी, तिला मेल न करता फोन करायची सवय होती.

मग मुलांना सांगायचं. गटात आणि नोटीस बोर्डवर, दोन्हीकडे. मी पाठवलेला मजकूर असा होता, हवा तर तसाच घ्या:

“माझं ईमेल खातं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेलं होतं. फी भरण्याविषयी माझ्या नावानं आलेली मेल माझी नाही. पैसे भरू नका. भरले असतील तर आत्ता १९३० वर फोन करा आणि मग मला करा, कितीही वाजले असले तरी. चूक माझ्याकडून झाली आहे, तुमच्याकडून नाही.”